पाय मुरगळला की मुलाणीतात्या काय म्हणतात

सतरा-अठरा वर्षांपूर्वी माझी एक कथा दिवाळी अंकात आली. इंदापूर तालुक्यातलं भीमेकाठचं गाव, गावातले एक मुसलमान म्हातारे चाचा, त्यांच्या ओट्यावर पोरासोरांचा राबता. पुढं गावात तेढ वाढते, चाचा एकटे पडतात, आणि शेवटी नदीला पूर आला असताना एका हिंदू पोराला बाहेर काढून स्वतः वाहून जातात. वाचून डोळ्यांत पाणी आलं असं चार जणांनी फोनवर सांगितलं. मी खूश होतो. अंक घेऊन गावी गेलो आणि ज्यांच्यावरून चाचा सुचले त्या मुलाणीतात्यांच्या हातात ठेवला.

तात्या सातवी शिकलेले, पेपर रोज अथपासून इतिपर्यंत वाचणारे. चष्मा पुसत पुसत त्यांनी पूर्ण कथा वाचली. मग विचारलं, "ह्यो चाचा म्हंजे मीच का?"

"तुमच्यावरनंच सुचलाय, तात्या."

"मग पाय मुरगळल्यावर 'या अल्लाह' का म्हणतो ह्यो? मी 'आई गं' म्हणतो." थोडं थांबून म्हणाले, "आन् मला पवता येत न्हाई. मी कशाला उडी टाकतोय?"

मी बारामतीत मराठी शिकवत आलो आणि गावाकडच्या गोष्टी लिहीत आलो. तात्यांच्या ओट्यावर जे ऐकलं, आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा चुकून जे कळलं, ते इथं आकडे घालून मांडतो. आकडे फक्त सोयीचे आहेत, क्रमाला अर्थ नाही.

१. पहिल्यांदा पात्राची जीभ तपासावी.

माझा चाचा 'बेटा', 'खुदा खैर करे' असं बोलत होता. तात्यांच्या तोंडून मी ते जन्मात ऐकलं नव्हतं. ते मला 'लेका' म्हणतात, रागावले की 'भाड्या' म्हणतात. घरात ते जी बोली बोलतात तिला ते स्वतः 'मुसलमानी' म्हणतात. अभ्यासक तिला दखनी म्हणतील. तिच्यात 'मेरेकू', 'तेरेकू' आहे आणि 'नको'सुद्धा आहे. ती लखनौची उर्दू नाही आणि मुंबईच्या सिनेमातली तर मुळीच नाही. मग माझ्या चाचाची भाषा आली कुठून? जत्रेतल्या तंबूत पाहिलेल्या सिनेमातून. ज्या माणसाच्या ओट्यावर माझं बालपण गेलं त्याचं बोलणं लिहिताना माझे कान तंबूत गेले होते.

उलट फारसी-अरबी शब्दांचा भरणा बघायचा असेल तर तलाठ्याकडे जावं. तहसील, नक्कल, वारस, दाखला, जप्ती, हद्द. सातबाऱ्याच्या भांडणात माझे चुलते एका दमात जितके अरबी शब्द वापरतात तितके तात्या आठवडाभरात वापरत नसतील.

२. 'मुसलमान' नावाचा माणूस गावात राहत नाही.

गावात मुलाणी राहतो, तांबोळी राहतो, आत्तार, बागवान, शिकलगार, मणेर, पिंजारी राहतो. प्रत्येकाचा धंदा निराळा, उठबस निराळी, आणि एकमेकांत सोयरीक करताना नाकं मुरडण्याची रीतही आपल्याइतकीच पक्की. हे मी चाळिशी उलटेपर्यंत नीट पाहिलं नव्हतं. लिहिताना माझ्या डोक्यात एकच घाऊक माणूस असायचा, जाळीची टोपी घातलेला.

व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ साली आलं. त्यातल्या दोन व्यक्तिचित्रांची शीर्षकं आठवा : 'मुलाण्याचा बकस' आणि 'तांबोळ्याची खाला'. गावात ज्या नावानं हाक मारतात तेच नाव वर. पुढं १९५५च्या 'बनगरवाडी'त आयबू येतो. तो मुलाणी आहे हे वाचकाला कळतं आणि तो गोष्टीत राहतो तो मास्तरांचा सोबती म्हणून. धर्म सिद्ध करण्याचं किंवा धर्म विसरण्याचं कुठलंच काम माडगूळकर त्याच्या गळ्यात घालत नाहीत. ब्राह्मण घरात जन्मलेल्या लेखकानं हे सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी केलं, आणि तो माणदेश आमच्या इथून नीरा ओलांडली की फार लांब नाही. मी माडगूळकर वर्गात शिकवत होतो, पण माझ्या कथेत त्यातलं काही उतरत नव्हतं.

धंद्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या मते खरा माल तिथं आहे. मुलाणी गावचा बलुतेदार. जत्रेत देवाला सोडलेलं बकरं असो की कुणाच्या नवसाचं, मुलाण्यानं सुरी फिरवल्याशिवाय आमच्याकडं ते कापत नसत. जागरण-गोंधळाच्या घरात, खंडोबाच्या भक्ताच्या दारात, भल्या पहाटे तात्या सुरी घेऊन हजर. पुटपुटायचं ते पुटपुटायचे, सुरी फिरवायचे, ठरलेला वाटा घ्यायचे आणि पुढच्या दाराला जायचे. आमच्या आजीला ते काय पुटपुटतात ते माहीत नव्हतं, पण त्याशिवाय मटण घशाखाली उतरत नसे. देव आमचा, बकरं आमचं, कलमा त्यांचा. या व्यवहारावर 'एकात्मता' असं लेबल लावलं की तो मरतो, कारण त्यात वाट्यावरून होणारी कुरकुर असते, 'औंदा मुंडी बारकी दिली' असली तक्रार असते. मी लेबल लावत होतो आणि कुरकुर गाळत होतो.

आता तात्यांचा एक मुलगा ब्रॉयलर कोंबड्यांचं दुकान चालवतो, दुसरा विम्याची कामं करतो. शेजारचे बागवान डाळिंबाच्या बागा मोहोरातच उक्त्या घेतात आणि पाऊस पडला की आमच्याइतकेच आभाळाला शिव्या देतात. त्यांच्यावर मी अजून एकही कथा लिहिली नाही. लिहायला हवी.

३. शाळेत असताना मी शिवाजी झालो होतो आणि माझा मुसलमान वर्गमित्र अफजलखान.

स्नेहसंमेलनात ते पात्र त्याच्याकडे कसं गेलं हे कुणी विचारलं नाही, त्यानंही नाही. दाढी चिकटवायला डिंक कमी पडला एवढंच आठवतं. पण नंतर ऐतिहासिक कादंबऱ्या वाचत गेलो तेव्हा कळलं की आमच्या मराठी कादंबरीनंसुद्धा पात्रांचं वाटप पुष्कळदा असंच केलेलं आहे. त्या वाटपात अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता हे कोपऱ्यात जातं, आणि शिवाजी महाराजांच्या पायदळाचा सरनोबत नूरखान बेग होता हेही.

आमच्या इंदापुरात तर कोपरा शोधायलाही लागत नाही. मालोजीराजे भोसले, शिवछत्रपतींचे आजोबा, इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांची गढी इथं आहे, आणि याच गावात चांदशावली बाबांचा दर्गा आहे, ज्याच्या उरुसाला सगळा तालुका लोटतो. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलं झाल्यावर त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगतात. म्हणजे महाराजांच्या वडिलांच्या नावातच पीर बसलेला आहे. एवढी सामग्री दारात असून मी ऐतिहासिक कथा लिहायला बसलो तेव्हा पहिल्या पानावर एक क्रूर सुभेदार आणला. सवय दुसरं काय.

४. खलनायकापेक्षा 'चांगला मुसलमान' लिहिणं जास्त घातक. मी तेच केलं होतं.

खलनायक लिहिला तर कुणीतरी जाब विचारतो. चांगल्याला सगळे टाळ्या देतात. माझा चाचा चांगला का होता? कारण तो आमच्यातल्या एकासाठी मेला. मेला नसता तर मला तो चांगला वाटला असता का, हा प्रश्न तात्यांच्या 'मी कशाला उडी टाकतोय'मध्ये होता, आणि तो कळायला मला दोनेक वर्षं लागली. पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी आम्हाला प्रिय आहे. १९८८ साली आलेल्या विश्वास पाटलांच्या 'पानिपत'नं तो घराघरात पोचवला, ते चांगलंच झालं. पण इब्राहिमखानाला १७६१ साली खरोखरच जीव द्यावा लागला. माझ्या चाचाला मी तो द्यायला लावला, कारण त्याची निष्ठा सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर माया करायला माझा वाचक तयार होणार नाही अशी माझी खात्री होती. वाचकाआधी मीच तयार नव्हतो, हे खरं.

आता खऱ्या तात्यांबद्दल सांगतो, त्यांच्या परवानगीनं. जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं आणि वर नवं गाव वसलं तेव्हा प्लॉटच्या हद्दीवरून त्यांनी आमच्या वडिलांशी नऊ वर्षं कोर्टात भांडण केलं. एक खोंड विकताना त्याचा मागचा पाय अधू आहे हे लपवलं. वडील मरेपर्यंत ते विसरले नाहीत. पण वडील गेले त्या रात्री सरणाची लाकडं तात्यांच्या ट्रॅक्टरमधून आली, आणि डिझेलचे पैसे त्यांनी तेराव्यानंतर मागून घेतले. ते पंचायतीच्या निवडणुकीत पैसे घेऊन पार्टी बदलतात. नमाजाला शुक्रवारी जातात, इतर दिवशी पोरं ओढून नेतील तेव्हा. सुनेला दुकानात बसू देत नाहीत. मोहरमला पंजे बसायचे तेव्हा मान पाटलांच्या घरचा आणि कष्ट आपले, हे शल्य त्यांच्या मनात आहे.

यातलं काहीच माझ्या कथेत नव्हतं. खोंड नव्हता, कोर्ट नव्हतं, डिझेलही नव्हतं. मी त्यांची सगळी लबाडी काढून घेतली आणि बदल्यात हुतात्म्याचा दर्जा दिला. हा सौदा तात्यांना पटला नाही. त्यांना सौद्यातलं कळतं.

विजय तेंडुलकरांनी १९७२च्या 'सखाराम बाइंडर'मध्ये दाऊद लिहिला, तो मला या बाबतीत फार मोठा वाटतो. मुसलमान म्हणून दाऊदनं गणपतीच्या आरतीला उभं राहू नये असं लक्ष्मी म्हणते आणि सखाराम तिला बडवतो. इथंच पडदा पडला असता तर ते शाळेच्या गॅदरिंगचं नाटक झालं असतं. पण तेंडुलकर पुढं जातात. तोच दाऊद मित्राच्या पाठीमागं चंपाशी संबंध ठेवतो. तो आरतीतला आणि विश्वासघातातला दाऊद एकच आहे, आणि कुठल्याही क्षणी तो आपल्या जमातीच्या वतीनं काही करत नाही. सखारामच्या वागण्यावरून कुणी हिंदूंबद्दल निष्कर्ष काढत नाही. दाऊदला तीच सवलत मिळते.

५. वाद घालायचा तर दोघांच्या हाती सारखी हत्यारं द्यावीत.

हे एकनाथांकडून. सोळाव्या शतकात त्यांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यातला तुर्क हिंदूंच्या देवांच्या कथांवर, सोवळ्याओवळ्यावर असे वार करतो की आजचा संपादक ते छापायला कचरेल. हिंदूही गप्प बसत नाही, तो मक्केपासून कोंबडीपर्यंत सगळं काढतो. शेवटी दोघं एकमेकांना आलिंगन देतात, पण त्याआधी पोटभर भांडून घेतात. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर, मुसलमानी राजवटीच्या चाकरीत होते. 'तुर्क' काय बोलतो ते नाथांनी ऐकलेलं असणार.

माझ्या कथांतला मुसलमान वाद आला की डोळे मिटून उसासा टाकतो. तात्या उसासा टाकत नाहीत. "तुमच्यात भावकीची तोंडं दहा दिशेला, आन् आमच्यात एकी न्हाई म्हणून आमालाच शिकवता?" असं सरळ बोलतात. हे वाक्य मी तीन कथांतून खोडलं आहे, वाचक दुखावेल म्हणून.

६. टाळ्या कुठल्या रांगेतून येतात तिकडं लक्ष ठेवावं.

तलाकवर मी एक कथा लिहिली होती. घटना खरी, आमच्याच भागातली, बाई डोळ्यांनी पाहिलेली. एका कार्यक्रमात ती वाचली. माझ्या आधीच्या कथा ज्यांना कधी आवडल्या नव्हत्या ते पुढच्या रांगेतले लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. घरी येताना मोटारसायकलवर मला अस्वस्थ वाटत राहिलं, पण का ते कळेना. रात्री बायकोनं विचारलं, "आपल्या भावकीत टाकलेल्या बायका किती, मोजल्या का कधी?" मोजल्या. तीन. एकीचा नवरा दुसरी करून पुण्याला राहतो, कागदोपत्री काहीच झालेलं नाही. त्यांच्यावर मी एक ओळ लिहिली नव्हती.

म्हणून तलाकवर लिहू नये असं मी म्हणत नाही. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ला सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला आणि १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांनी आपल्या घरातल्या आगीत हात घातला होता. मी शेजारच्या घराची आग आपल्या खिडकीतून बघत वर्णन करत होतो, आणि माझ्या छपराला लागलेली बघत नव्हतो. ती कथा मी संग्रहात घेतली, पण तिच्या शेजारी भावकीतल्या बाईची कथा ठेवली. दोन्ही एकत्र वाचल्यावर टाळ्या कमी होतात.

आणि खरं सांगायचं तर तलाकच्या कथेतल्या त्या बाईच्या घरात मी कधी गेलो नव्हतो. ओट्यापर्यंतच. तात्यांच्या घरातसुद्धा माझी हद्द ओटा आणि पुढची खोली. ईदेला शिरखुर्मा येतो तो तिथंच. आतल्या खोलीतलं बोलणं मला ठाऊक नाही, म्हणून आता मी आतल्या खोलीचं दृश्य लिहीत नाही.

७. त्यांनी स्वतः लिहिलेलं आधी वाचावं.

हे सगळ्यात उशिरा केलं, याची लाज वाटते. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते. सोलापूर इंदापूरहून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगं. मी गेलो नाही. 'मराठीत आणखी एक संमेलन कशाला' असं म्हणून थट्टा केली. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते, तिथं मात्र गेलो आणि त्यांचं संतसाहित्यावरचं भाषण ऐकून मान डोलावली. पठाणसर ज्ञानेश्वरीवर बोलतात ते मला चालत होतं. शहाजिंदे स्वतःवर बोलणार होते, ते ऐकायची मला गरज वाटली नव्हती.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठी ओवीत 'योगसंग्राम' लिहिला. जेजुरीचे सगनभाऊ पेशवाईत लावण्या गात होते. मोरोपंत बारामतीला आर्या रचत होते त्या काळाच्या आसपासचीच ही गोष्ट. बारामतीत मोरोपंतांचं नाव कुणालाही विचारा. सगनभाऊ मुसलमान होते हे मराठीच्या प्राध्यापकांना विचारून बघा, निम्मे दचकतील.

८. पालखीचं छायाचित्र जपून वापरावं.

तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला जाते. देहूतून निघताना पहिली अभंगआरती अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी होते. २०२३ साली आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली तेव्हा राज्यात अनेक ठिकाणच्या मुसलमानांनी कुर्बानी पुढं ढकलली. हे सगळं खरं आणि चांगलं आहे. पण दरवर्षी टोपीवाल्या पोरानं वारकऱ्याला पाणी दिल्याचा एकच फोटो छापून येतो, आणि माझ्याही दोन कथा त्या फोटोवर संपल्या आहेत. तात्यांचा नातू पालखीत रेनकोट विकतो. नगाला वीस रुपये सुटतात. पाऊस आला नाही तर तोटा. वारकऱ्यांशी तो भावावरून हुज्जत घालतो आणि माउली म्हणतो. फोटोत तो कधी आला नाही.

९. शाहीर अमर शेख कोण होते असं इंदापुरातल्या जुन्या माणसाला विचारलं तर तो सांगतो : संयुक्त महाराष्ट्राचा आवाज, बार्शीचा माणूस. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल हे त्याला माहीत असतं, पण ते सांगायची त्याला गरज वाटत नाही. २९ ऑगस्ट १९६९ला इंदापूरजवळ मोटार अपघातात शाहीर गेले. आमचे वडील त्या रात्री जेवले नव्हते. वडिलांनी मुसलमानांबद्दल अनेकदा वाईट बोललेलं मी ऐकलं आहे, खोंडाच्या व्यवहारानंतर तर जास्तच. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात होतं. वडिलांवरची कथा लिहायला घेतली की मी यातलं एक काही तरी गाळतो, आणि ती फसते.

१०. छापण्याआधी दाखवावं, छापल्यावर दाखवू नये.

दोन वर्षांपूर्वी मी तात्यांवर पुन्हा कथा लिहिली. यात खोंड आहे, कोर्ट आहे, डिझेलचे पैसे आहेत, पूर नाही. तात्यांना आता दिसत नाही, म्हणून हस्तलिखित त्यांच्या नातीकडं दिलं. ती इंदापूरला कॉलेजात आहे, मराठी घेऊन. तिनं त्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पेन्सिलीनं खुणा करून परत पाठवलं. खुणा अकरा आहेत. 'आजोबा असं म्हणाले नव्हते', 'खोंड नव्हता, गोऱ्हा होता', 'आजीचं नाव एकदाही नाही, का?' अशा. त्यातल्या सात मी दुरुस्त केल्या. आजीच्या खुणेपाशी अडलो आहे. कथा अजून छापलेली नाही.